लाकडी तलवार आणि कॅमेऱ्याचा डोळा

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की भीमाच्या गदेचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मग कोणीतरी मोठा फुगा आणते. वर्तमानपत्राचे तुकडे खळीत बुडवून त्यावर थरावर थर चिकटवले जातात. दोन दिवस उन्हात वाळवले की फुगा फोडायचा, बांबूचा दांडा बसवायचा आणि वरून सोनेरी कागद लावायचा. गदा झकास दिसते. प्रयोगाच्या दिवशी मात्र भीम विंगेतून येतो, गदा एका हाताने उडवून झेलतो आणि सगळे सभागृह हसते. गदा करणाऱ्याचे काही चुकलेले नसते. चुकलेला असतो भीम.

थोडा हिशेब करू. २० सेंटिमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोळा केला, तर त्याचे वजन सुमारे ३३ किलोग्रॅम भरेल. तेवढ्याच व्यासाचा, पण अर्धा सेंटिमीटर जाडीच्या कागदी कवचाचा पोकळ गोळा घेतला आणि वाळलेल्या लगद्याची घनता पाण्याच्या निम्मी धरली, तर वजन येते जेमतेम ३०० ग्रॅम. म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक. स्थिर असताना हा फरक डोळ्यांना कळत नाही. तो कळतो हालचाल सुरू झाली की. जड वस्तू हलायला वेळ घेते आणि एकदा हलली की थांबायलाही वेळ घेते. आठवीच्या पुस्तकातले जडत्व ते हेच. कागदाच्या गदेत ते नसते, म्हणून ते नटाने आपल्या खांद्यातून आणि पाठीतून दाखवायचे असते.

नाटकवाले या सगळ्या वस्तूंना 'प्रॉपर्टी' म्हणतात. गदा, मुकुट, तलवारी, पत्र, पाळणा, पानाचा डबा, असे सगळे त्यात आले. नेपथ्य निराळे आणि कपडेपट निराळा. हा विषय किती जुना आहे ते पाहायचे, तर भरताच्या नाट्यशास्त्रातला आहार्य अभिनयाचा अध्याय उघडावा. रंगभूमीसाठी बनवलेल्या वस्तूंना तिथे 'पुस्त' म्हटले असून त्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. चटई, कापड, कातडे जोडून केलेले ते संधिम, यांत्रिक युक्तीने हलणारे ते व्याजिम आणि गुंडाळून, लपेटून केलेले ते वेष्टिम. शस्त्रे खऱ्या धातूची करू नयेत, कारण जड वस्तूने नट थकतो, असेही भरताने बजावले आहे. त्याऐवजी लाख, लाकूड, कातडे, कापड आणि बांबूच्या कामट्या वापराव्यात. आपली गदा या नियमाबाहेर गेलेली नाही.

यामागचे तत्त्व असे मांडता येईल. खऱ्या वस्तूला वजन, कठीणपणा, रंग, आवाज, वास असे अनेक गुणधर्म असतात. नकली वस्तूत ते सगळे आणण्याची गरज नसते. समोरचा प्रेक्षक ज्यांची परीक्षा घेऊ शकतो, तेवढेच आणले की पुरे. परीक्षा घेणारा बदलला की वस्तूही बदलावी लागते. नाशिकला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा परीक्षक एकाएकी बदलला आणि एका माणसाला जवळपास सगळे पुन्हा नव्याने शिकावे लागले. त्याची ही हकिकत आहे.

आधी जुना परीक्षक पाहू. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगराळ भागात आणि लगतच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा नावाचा उत्सव होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे चढवून देव आणि राक्षस रात्री सोंगे घेऊन नाचतात. हे मुखवटे दिवसा जवळून पाहिले तर भडक वाटतात. डोळे वाजवीपेक्षा मोठे, भुवया जाड आणि रंग एकमेकांशी भांडणारे. पण ते दिवसासाठी केलेलेच नसतात. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. १५ मीटर अंतरावर हा कोन सुमारे ४ मिलिमीटरचा होतो. त्याहून बारीक तपशील शेवटच्या ओळीतल्या माणसाला चांगल्या उजेडातही दिसत नाही, मग टेंभ्याच्या उजेडात काय दिसणार? म्हणून मुखवटा करणारा बारीक कामात वेळ घालवत नाही. उलट तो उंचवटे आणि खोलगट भाग ठळक ठेवतो. टेंभ्याची ज्योत हलली की त्या खोलगट भागांतल्या सावल्या हलतात आणि लाकडाचा चेहरा रागावल्यासारखा किंवा हसल्यासारखा वाटतो.

लगद्याचे कामही पाहण्यासारखे असते. रद्दी कागद भिजवून कुटायचा आणि त्यात मेथ्या वाटून घालायच्या. मेथीच्या दाण्यात एक प्रकारचा डिंक असतो. तो पाण्यात फुगतो आणि वाळताना कागदाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतो. आपल्याकडे घरोघरी याच लगद्याच्या टोपल्या होत असत. खळ करताना तिच्यात थोडे मोरचूद घातले तर कसर लागत नाही, हे बुकबाइंडरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मोरचूद विषारी असते, तेव्हा मुलांकडून हे करून घेऊ नये.

अशा मुलखात, त्र्यंबकेश्वर येथे, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. दादासाहेब फाळक्यांचे चरित्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून येते, पण त्यात भर असतो तो पहिल्या चित्रपटाच्या तारखेवर. त्याआधीची वीस-पंचवीस वर्षे माणूस काय करत होता, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि नंतर बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रकाराचा धंदा केला. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात ती नोकरी सोडून ते लोणावळ्याला ब्लॉक करण्याच्या आणि छपाईच्या धंद्यात पडले. १९०९ साली रंगीत छपाईचे तंत्र शिकण्यासाठी ते जर्मनीला जाऊन आले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही शिकले आणि 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते करून दाखवू लागले. केल्फा म्हणजे फाळके या नावाचीच अक्षरे उलट्या क्रमाने. एवढे उद्योग केलेल्या माणसाला लोक धरसोड वृत्तीचा म्हणतात. पण ही यादी पुन्हा वाचली, तर प्रॉपर्टीच्या कारखान्याला लागणारी जवळजवळ सगळी कौशल्ये तिच्यात सापडतात.

१९११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर राम-कृष्ण आणण्याचा ध्यास घेतला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि इतर यंत्रे आणली. परतल्यावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटवण्यासाठी त्यांनी पहिली फिल्म घेतली, ती कोणा नटाची नव्हती. ती होती कुंडीत पेरलेल्या वाटाण्याची. रोप उगवून वाढताना दिसते अशी ती फिल्म 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाते. रोज एक चित्र याप्रमाणे महिनाभर चित्रण केले, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. विद्यार्थ्यांना हा हिशेब तपासायला सांगावा. त्या काळी सेकंदाला १६ चित्रे दाखवीत. रोज एक चित्र घेतले तर महिन्याची फिल्म दोन सेकंदांत संपेल. मिनिटभर रोप वाढताना दिसायचे असेल, तर दिवसाला तीसेक चित्रे हवीत. दंतकथेतला आकडा तपासून पाहायला हरकत नसते आणि त्यामुळे फाळक्यांचे श्रम कमी न होता वाढतातच.

तोच प्रकार जाहिरातीचा. 'राजा हरिश्चंद्र'च्या एका जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र फक्त तीन आण्यांत, असे म्हटले होते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. ५७,००० ला १६ ने भागले की येतात सुमारे ३,५६० फूट आणि चित्रपटाची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास होती. म्हणजे पहिला आकडा अगदी प्रामाणिक आहे. दोन मैल म्हणजे मात्र १०,५६० फूट! एका वाक्यात खरे आणि खोटे इतके शेजारी बसलेले क्वचितच सापडते.

आता नवा परीक्षक. कॅमेऱ्याचा डोळा आपल्या डोळ्यासारखा नव्हता. काही बाबतीत तो जास्त कडक होता, तर काही बाबतीत जवळजवळ आंधळा.

कडक अशासाठी की फिल्मवरचे चित्र जेमतेम २४ मिलिमीटर रुंद असते. ते पाच मीटरच्या पडद्यावर टाकले की दोनशे पटींहून अधिक मोठे होते. रंगभूमीवर १५ मीटरवरून न दिसणारी मुकुटाची शिवण किंवा मिशीचा उचकटलेला कोपरा पडद्यावर हातभर होऊन समोर येतो. शिवाय त्या काळात चित्रण सूर्यप्रकाशात होई. रंगवलेल्या पडद्यावरच्या खांबाची सावली चित्रकाराने डावीकडे काढलेली असते आणि खऱ्या खांबाची सावली त्या वेळी उजवीकडे पडत असते. वारा सुटला की राजवाड्याची भिंत हलते. नाटकाच्या प्रेक्षकाने या गोष्टी आपणहून माफ केलेल्या असतात. कॅमेरा माफ करत नाही.

आंधळा तो रंगांच्या बाबतीत होता. त्या काळची फिल्म निळ्या रंगाला फार संवेदनशील होती, हिरव्याला बऱ्यापैकी होती आणि तांबड्याला जवळपास नव्हतीच. तांबड्यासह सर्व रंग टिपणारी फिल्म सर्रास वापरात आली ती १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे कपाळावरचे लाल कुंकू पडद्यावर काळे दिसे. भगवा झेंडा काळपट, तर रक्त डांबरासारखे. पिवळ्या रंगाने रंगवलेला सोन्याचा मुकुट मंद आणि मळका दिसे, उलट चांदीसारखी बेगड लखलखे. सोने दाखवायचे तर चांदी लावावी, असा हा उफराटा न्याय. आणि सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे. कॅलेंडरवरच्या कृष्णासारखा निळा रंग नटाला फासला, तर पडद्यावर मेघश्याम नव्हे, गोरापान कृष्ण उभा राहिला असता.

हे वर्गात करून पाहता येते. मोरपंखी रंगाचा जिलेटिन कागद दुहेरी करून डोळ्यासमोर धरावा आणि टेबलावर कुंकू, हळद, नीळ, बेगड आणि सोनेरी कागद मांडून पाहावे. तांबडे तेवढे काळे पडते. आधी मुलांना कोणता रंग कसा दिसेल याचा अंदाज लिहायला सांगावे आणि मग कागद द्यावा.

आणखी एका बाबतीत कॅमेरा भोळा होता. सेकंदाला १६ चित्रे या गतीने प्रत्येक चित्रावर साधारण एक बत्तिसांश सेकंद प्रकाश पडे. सेकंदाला पाच मीटर वेगाने फिरणारी तलवार तेवढ्या वेळात १५ सेंटिमीटर पुढे सरकते. साहजिकच तिची धार पुसट होऊन जाते. पाते लाकडाचे आहे की पोलादाचे, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. शिवाय चित्रपट मुका. लाकडावर लाकूड आपटल्याचा ठक्‌ असा आवाज कोणाला ऐकू येणार?

लाकडी तलवारींचा एक किस्सा फाळक्यांच्या चरित्रात सांगितला जातो. 'राजा हरिश्चंद्र'च्या बाह्यचित्रणासाठी मंडळी वांगणी गावाकडे गेली होती. ढाली-तलवारी आणि भाले घेतलेले हे लोक पाहून गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले. खबर फौजदारापर्यंत गेली आणि मंडळींना अडकवण्यात आले. फाळक्यांनी सामान उघडून दाखवले, कॅमेरा दाखवला, तेव्हा सुटका झाली. आजवर आपण या गोष्टीला हसत आलो. मला मात्र ती प्रॉपर्टी करणाऱ्याला मिळालेली पहिली पावती वाटते. ज्यांना हे नाटक आहे हे माहीत नव्हते, त्यांनी भर दिवसा त्या वस्तू खऱ्या मानल्या!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. गोदावरीचे घाट, दगडी देवळे, जुने वाडे, डोंगर आणि लेणी इथे आयती होती. जे खरे मिळते ते बनवावे लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी तर नाशिक पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध. उरले ते देवादिकांचे सामान, आणि ते कुठल्याच बाजारात मिळत नव्हते. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' आणि १९१७ चा 'लंकादहन' या चित्रपटांना लागणारे मुकुट, आयुधे, शेपट्या आणि राक्षसांचे दात कोणालातरी बसून करावे लागले.

यात खरी जोखीम काय होती? चित्र फसले तर पैसे बुडणार, ही एक. फाळक्यांनी घरातले दागिनेही गहाण टाकले होते. पण दुसरी जोखीम अधिक अवघड होती. हे देवांचे चित्रपट होते. राजाचा मुकुट वाकडा झाला तर लोक हसतात आणि विसरतात. रामाच्या मुकुटाला हसले, तर सगळा डाव तिथेच संपला असता. 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आल्यावर प्रेक्षक पायातले जोडे काढून ठेवीत, अशी आठवण सांगतात. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुष नटाने केल्या होत्या. हिशेबी नजरेने पाहिले तर समोर होते काय? एक पुरुष, थोडी बेगड, थोडा पुठ्ठा आणि कापडावर नाचणारा उजेड.

१९१८ साली नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली आणि कामाचा पसारा वाढला. चमत्कार दाखवण्याची त्या काळची रीत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेरा हाताने फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे. यज्ञकुंडातून देवता प्रकट व्हायची असेल, तर आधी यज्ञाचे चित्रण करायचे आणि फेरे मोजून ठेवायचे. मग झाकण लावून तेवढेच फेरे उलटे फिरवायचे आणि काळ्या कापडासमोर देवतेला उभे करून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण करायचे. काळ्या कापडावरून प्रकाश येत नाही, त्यामुळे पहिले चित्र शाबूत राहते आणि देवता त्यावर पारदर्शक उमटते. इथे काळे कापड हीच सगळ्यात महत्त्वाची प्रॉपर्टी. त्यावर एखादी सुरकुती चमकली तरी ती ज्वाळेच्या मध्ये लोंबकळताना दिसणार. शिवाय फिल्मच्या कडेची भोके अगदी सारख्या अंतरावर हवीत. ती थोडी जरी चुकली तर दोन्ही चित्रे एकमेकांवर थरथरतात. फिल्मला भोके पाडण्याचे हे काम आणि ती धुण्याचे कामही सरस्वतीबाई फाळके करीत. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर रात्री हे काम चाले. चमत्कार ठाकठीक दिसण्याचे निम्मे श्रेय त्यांच्याकडे जायला हवे.

१९१९ चा 'कालियामर्दन' हा या कारखान्याचा कळस म्हणता येईल. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात बाळकृष्ण झाली होती. हा चित्रपट बराचसा शिल्लक असल्यामुळे आपण स्वतः तपासू शकतो. आज पाहताना नाग बनवलेला आहे हे लगेच कळते. पण बनवणाऱ्याच्या अडचणी मनात आणाव्यात. पाण्याशी गाठ आहे म्हटल्यावर कागदाचा लगदा बाद होतो, कारण तो भिजला की पुन्हा लगदाच. पोकळ सांगाडा करावा तर तो आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे वर तरंगणार, म्हणजे त्याला खाली ओढणारे वजन हवे. आणि वर फण्यावर एक जिवंत मूल नाचणार, म्हणजे त्याचा भार पेलणारा भक्कम आधारही हवा, तोही कॅमेऱ्याला न दिसणारा. देवाची गोष्ट सांगताना सुतारकाम आणि स्थितिशास्त्र दोन्ही सुटत नाही.

याच काळात फाळक्यांनी काही छोट्या फिल्म केल्या. त्यांत नटांची गरजच नव्हती. 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक चित्र घेत थोड्याथोड्या सरकवून नाचवल्या होत्या. 'लक्ष्मीचा गालिचा'मध्ये नाण्यांचा असाच खेळ होता. वाटाण्याच्या कुंडीपासून सुरू झालेली वाट इथे पोचते. वस्तू नटाच्या हातातून सुटून स्वतःच नट झाली.

रंगभूमीवर त्याच वेळी उलटे वारे वाहत होते, हेही नोंदवायला हवे. फाळक्यांचा पहिला चित्रपट आला त्याच १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिथे खरे भरजरी शालू, खरी उंची भांडी, मखमल आणि अत्तरे यांची रेलचेल असे. मघाचा डोळ्याचा हिशेब लावला तर शेवटच्या ओळीला जर खरी की खोटी हे कळणे शक्य नव्हते. अत्तर मात्र खरेच लागते. वासाची परीक्षा शेवटच्या ओळीलाही घेता येते! या वैभवाने मंडळीच्या कर्जात भरच टाकली.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर फाळक्यांच्या पुढे एक पाऊल गेले. ते मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या 'सैरंध्री' (१९२०) या चित्रपटातला कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि तो प्रसंग कापावा लागला. भडक रंग, रक्त, आवाज यांतले काहीच हाताशी नसताना हे साधले होते. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. रंगवलेल्या पडद्यांच्या जागी ते भरीव देखावे उभे करू लागले आणि सावल्यांचा तंटा मिटला.

मग परीक्षक पुन्हा बदलला. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. मराठीतला हा पहिला बोलपट पुन्हा हरिश्चंद्राचाच होता. तोच राजा, तीच तारामती, तीच स्मशानातली तलवार. पण आता तिचा आवाज येणार होता. एकोणीस वर्षांपूर्वी निर्धास्तपणे वापरता आलेली लाकडी तलवार आता चुगली करू लागली. पत्र्याचा मुकुट खणखणे, पुठ्ठ्याचे चिलखत कुरकुरे आणि मायक्रोफोनला हे सगळे संवादाइतकेच स्पष्ट ऐकू येई. वस्तूंच्या आतल्या बाजूला कापड आले, सांध्यांना चामडे आले. आवाज वेगळा निर्माण करण्याचे शास्त्रही सुरू झाले. त्याचे मूळ नाटकातच होते. गडगडाटासाठी लोखंडी पत्रा हलवायचा आणि घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवायच्या. फाळक्यांचा 'सेतुबंधन' या संधिकाळात सापडला. तो मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्याला आवाज जोडावा लागला. पाण्यावर तरंगणारे दगड दाखवणाऱ्या कारागिरांपुढे आता ते पाण्यात पडताना आवाज कोणता द्यायचा, हा प्रश्न आला असणार. पुढे 'गंगावतरण' (१९३७) हा एकच बोलपट करून ते थांबले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले.

त्या कारखान्यातल्या वस्तूंचे पुढे काय झाले? कागद, लाकूड, बेगड आणि कापड यांचे जे होते तेच. पाऊस, वाळवी आणि चूल. दिग्दर्शकाचे आणि नटांचे नाव राहिले. मुकुटाला बेगड लावणाऱ्यांची, नागाच्या सांगाड्याला कामट्या बांधणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या कामाचा पुरावा फक्त फिल्मवर होता आणि फिल्मही नाशवंतच. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाचा जवळचा नातेवाईक. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एकदा पेटला की तो पाण्याखालीही जळत राहतो आणि न पेटला तरी वर्षानुवर्षे आपोआप विघटित होत चिकट होतो, शेवटी त्याची पूड होते. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तीसेक हाती लागले आहेत आणि तेही बरेचसे अपुरे. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, फाळके कुटुंबीयांकडून मिळालेले तुकडेही जोडून, जे वाचवता आले ते वाचवले. 'कालियामर्दन'च्या सुमारे सहा हजार फुटांपैकी ४,४०० फुटांच्या आसपास वाचले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रीळे आहेत, पण तीही १९१३ ची नसून फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा गेला.

हरिश्चंद्राच्या त्या पहिल्या रिळात राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे आणि शेवटच्या रिळात तारामतीवर तलवार उगारतो आहे. शाळेत ही दृश्ये दाखवण्याची सोय झाली, तर एकदा नटांकडे न पाहता फक्त धनुष्याकडे आणि तलवारीकडे पाहावे. तलवार उगारताना आणि थांबवताना राजाचे मनगट काय करते, ते पाहावे. मुलांना लगेच कळते.

आणि या वर्षीच्या गदेसाठी एक सूचना. गोळ्याचे भोक बुजवण्यापूर्वी आत दीड किलो वाळूची घट्ट बांधलेली पुरचुंडी चिकटवून टाकावी. वाळू सैल ठेवू नये, नाहीतर मायक्रोफोन ती ऐकवतो. दांडा कामटीचा न घेता भरीव बांबूचा घ्यावा आणि गोळा त्याला दोरीने घट्ट आवळून बांधावा, म्हणजे निसटायची भीती राहत नाही. मग भीमाला वेगळे काही शिकवावे लागत नाही.